मिठाची वाट

मलकापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा
धुकं चहाच्या पातेल्यापर्यंत आलेलं.
पिशवीत भडंग, दोन लिंबं, बॅटरी
आणि मोजणी खात्यातून निवृत्त होताना
माझ्यासोबत घरी आलेला एक नकाशा.
आलेला म्हणजे, मी आणलेला.

त्यावर उदगिरीच्या वरच्या अंगाला
तुटक तुटक एक रेघ, कोकणात उतरणारी.
सव्वीस वर्षं तिच्यावर पट्टी ठेवली,
पाय कधी ठेवला नव्हता.

नाक्यावर बिरू झोरे.
कोयता गार्डनं ठेवून घेतलेला,
म्हणून हातांचं काय करावं ते त्याला कळेना.
पासावर शिक्का: दोन इसम, पायी, पाचच्या आत परत.
"इसम म्हंजे मी बी का?"
"तूही."
"पंधरा पावसाळं हितंच झोपलो, तवा कुणी इसम म्हटलं न्हाई."
आणि हसला, गार्डही हसला,
मी पेन शोधत राहिलो.

कार्तिक निम्मा सरला तरी जांभळींखाली ओल होती.
पहिली जळू माझ्या घोट्याला.
बिरूनं कनवटीची पुरचुंडी सोडली,
चिमूटभर मीठ टाकलं. ती गळून पडली.
"ह्या वाटनं बैलावर मीठ यायचं,
राजापुरास्नं. आज्जा सांगायचा.
आता एवढंच जातंया."
पुरचुंडी परत कनवटीला.

तो वाट बघत नव्हता, तळव्यानं चाचपत होता.
पायताण हातात घेऊन चालला,
जिथं दगड गुळगुळीत लागेल तिथं थांबायचा:
"हितं खूर घासल्यात."
मला नुसतं शेवाळ दिसायचं.
सड्यावर उन्हं आली, मिकी माऊसची पिवळी फुलं
वाळून चुरा झालेली,
आणि मध्येच रुंद, तुडवलेली, ताजी वाट,
शेणाची वाफ अजून गेली नव्हती.
"माणसं गेली, पर वाट गव्यांनी राखली.
न्हाईतर कारवीनं कवाच गिळली असती."

वस्तीपाशी काही नव्हतं.
एक उखळ होतं, कातळात खोदलेलं,
पानं कुजून भरलेलं.
त्यानं हात घालून सगळा गाळ काढला,
वळकटीच्या फडक्यानं पुसलं,
आणि कोरडं झालं का ते बघत
बराच वेळ बसला.
दळायला काही नव्हतं, कांडायला काही नव्हतं.
मी भडंग पुढं केला. त्यानं मूठभर घेतला,
चार दाणे उखळात टाकले.

पुढं नकाशा सरळ जात होता. बिरू डावीकडं वळला.
"रेघ तर सरळ आहे," मी म्हटलं.
तो परतला, मला बाहीला धरून कडेपर्यंत नेलं.
खाली दोन-अडीचशे फूट काहीच नव्हतं,
धुकं आणि धुक्यात कुठंतरी पाणी.
"हितनं घार जाती.
रेघ कुणीतरी बसून वढलीया."

त्याला सांगितलं नाही.
चौऱ्याण्णवच्या जुलैत जुन्या कागदाला
कसरीनं नेमकं इथंच भोक पाडलं होतं,
साहेबांना शनिवारी नक्कल हवी होती,
मी दोन टोकं पट्टीनं जोडली
आणि डबा उघडला.
त्या दिवशी डब्यात दोडका होता. हे का आठवावं.

घार खरंच गेली. आमच्या पायांच्याही खाली.

चार पन्नासला नाक्यावर वहीत सही.
'काय पाहिले' या रकान्यात बिरूनं लिहिलं: गवे सात.
मला दिसले होते पाच. मी सातच राहू दिले.

घरी शकूनं मोज्यातलं रक्त बघून विचारलं,
आणि मी मीठ मागितलं, तर ती वरणात टाकू लागली.
रात्री ब्लेडनं रेघेचा तो तुकडा खरवडला.
वळण काढायला शिसपेन उचललं,
पण बिरू डावीकडं किती वळला,
आंब्याच्या अलीकडं की पलीकडं,
आठवेना.

तेवढी जागा कोरी आहे.
कागद तिथं पातळ झालाय,
दिव्यासमोर धरला की
उजेड आरपार येतो.